आधी कॅमेरे की आधी कोयंडा?

शेजारच्या इमारतीत घरफोडी झाली की पुढच्या सभेत ठराव येतोच: सीसीटीव्ही बसवा. तुमच्या सोसायटीकडे एकाच कामापुरते पैसे असतील, तर सही करण्याआधी पेपरातली घरफोडीची बातमी पुन्हा वाचा. ‘बंद फ्लॅटचा कडी-कोयंडा उचकटून’ हे शब्द बहुतेक वेळा असतातच.

कॅमेरा चोराला अडवत नाही. झालेली चोरी दाखवतो, तीही नशीब असेल तर. हार्ड डिस्क भरली की जुन्यावर नवं रेकॉर्डिंग चढतं. महिन्याभराने गावाहून परतणाऱ्याला त्यात कालचा दूधवाला दिसणार. आमच्याकडे डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारा डबा, वॉचमनच्या टेबलावरच होता, घड्याळ पावणेदोन तास मागे, पासवर्ड बसवताना आला तोच. टोपी-मास्कवाल्याचं चित्र नेऊन पोलिसांना काय दाखवणार? पार्किंगमधली गाडी कोणी घासली एवढं मात्र कॅमेऱ्यावर छान कळतं. नाकारत नाही.

दाराचं काम दिसायला फिकं. फळीच्या आत बसणारं कुलूप, पक्की चौकट, बाहेर लोखंडी जाळीचं दार. चोराला यात वेळ लागतो, आवाज होतो, आणि त्याला या दोन्ही गोष्टी नको असतात. बाहेर लटकणारं कुलूप म्हणजे ‘घरी कोणी नाही’ अशी पाटीच.

गेटवरचं रजिस्टर कधी उघडून पाहा. ‘पार्सल, ३०२’, खाली गिचमीड सही. वाचतं कोण? ॲप घेतलं तरी आपण मीटिंगमध्ये बसून न बघता ‘येऊ द्या’ दाबतोच. त्यापेक्षा तीन वर्षं टिकलेला, चेहरे ओळखणारा एक वॉचमन बरा. पण तो बारा तासांची ड्युटी, पाण्याची मोटर आणि चार गाड्या धुणं यांतून टिकत नाही. पगार वाढवा, गाड्या धुणं बंद करा. एजन्सीकडून माणूस घेत असाल तर खासगी सुरक्षा एजन्सींसाठीच्या २००५ च्या कायद्याखालचा परवाना आणि त्या माणसाची पोलीस पडताळणी मागा. गणवेश कडक इस्त्रीचा आहे म्हणून हे विचारायचं राहून जातं.

आणि मागची भिंत. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर रतन टाटा म्हणाले होते की इशारा मिळाल्यामुळे ताजच्या पुढच्या बाजूला बंदोबस्त होता, हल्लेखोर मात्र मागून आले. आपली इमारत काही ताज नव्हे, पण गेटवर बूम बॅरिअर आणि नाल्याकडच्या कंपाउंडला भगदाड, हे दृश्य मी किमान चार सोसायट्यांत पाहिलंय.

माझा क्रम असा: दारं, जिन्यातले आणि मागचे दिवे, भिंत, वॉचमनचा पगार. उरलं तर कॅमेरे, डीव्हीआर कुलूपबंद कपाटात. दारांबरोबरच फुकटातलं एक काम. चोर शेजाऱ्यांच्या दारांना बाहेरून कड्या घालून त्यांना आत कोंडतात. आतलं कुलूप बसलं की बाहेरच्या त्या कड्या स्क्रू फिरवून काढूनच टाका.