गंजलेली टाटा २०७ : वीस महिने आणि दोन पावसाळ्यांनंतर

गाडी घेतली तेव्हा ती रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरून मासळी वाहत होती. २००७ची टाटा २०७ पिकअप, पांढरी, एमएच-०८ पासिंग. ऑक्टोबर २०२३मध्ये १ लाख १० हजारांना सौदा झाला. काम पूर्ण होऊन ती रस्त्यावर आली फेब्रुवारी २०२४मध्ये. तेव्हापासून आजवर १९ हजार किलोमीटर, आंब्याचे दोन हंगाम आणि दोन पावसाळे झाले. काम ताजं असताना सगळंच छान दिसतं, म्हणून मुद्दाम एवढे दिवस थांबून लिहितोय.

आमची बाग पावसच्या बाजूला. मार्च ते मे पेट्या बागेतून गोदामात आणि गोदामातून वाशीला जाणाऱ्या मोठ्या ट्रकपर्यंत न्यायच्या, जूनमध्ये खत, दिवाळीनंतर चिरे नाहीतर शेणखत. दर खेपेला भाड्याची गाडी परवडेना आणि नव्या गाडीचा हप्ता आंब्याच्या भरवशावर घ्यायची हिंमत नव्हती. मग जुनी घ्यायची ठरली. २०७ घ्यायचं कारण सरळ होतं. १९८८मध्ये आलेल्या टाटामोबाइलच्याच घराण्यातली ही गाडी, माझ्या गाडीत २९५६ सीसीचं डिझेल इंजिन, आणि त्यावर कॉम्प्युटर नाही. तालुक्याच्या गावातही ते उघडणारा मिस्त्री भेटतो, आणि पार्टसाठी कोल्हापूरच्या पुढे जावं लागत नाही.

घेण्याआधी आमच्या गॅरेजवाल्या चाचांना सोबत नेलं होतं. त्यांनी इंजिन सुरूही केलं नाही. पोतं अंथरून गाडीखाली गेले आणि छोट्या हातोडीने चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, ठोकत पुढून मागे सरकत राहिले. टण, टण, टण. मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगांच्या) हँगरपाशी आवाज एकदम बसका झाला, ओल्या भिंतीवर थाप मारावी तसा. "ऐकलंस? इथं लोखंड नाही, नुसता पापुद्रा आहे," म्हणाले. स्क्रूड्रायव्हर टेकवून दाबला तर आत गेला. मासळीच्या बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं मागच्या माल भरायच्या हौद्यातून ठिबकून नेमकं तिथं साठत होतं. वरून पत्रा बरा दिसत होता, कारण विकणाऱ्याने नुकताच रंग मारून घेतला होता. हातोडीच्या त्या आवाजावर किमतीतून २५ हजार कमी झाले.

त्याच वेळी चाचांनी आणखी एक गोष्ट बघायला लावली, ती सगळ्यांना सांगण्यासारखी आहे. चासीवर ठोकलेला नंबर पॉलिश पेपरने हलका घासून, कागद ठेवून पेन्सिलीने छाप घेतली. गंजाने हा नंबर खाल्लेला असेल तर गाडी कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी आरटीओचं फिटनेस प्रमाणपत्र लागतं, आणि नंबरच वाचता येत नसेल तर पुढचं सगळं तिथंच अडतं. पंधरा वर्षांवरच्या गाड्यांच्या फिटनेसचं शुल्क एप्रिल २०२२पासून बरंच वाढलं आहे, हेही हिशेबात धरा.

आता खर्च. दुरुस्तीला दीड लाख बाजूला काढले होते, लागले १ लाख ८३ हजार. चासी, केबिनचा फ्लोअर आणि हौदा मिळून ४६ हजार, इंजिन साडेचोपन्न, ब्रेक साडेतेरा, चार टायर २५, वायरिंग आणि लाइट साडेनऊ, रंग २२, आणि सीट, ताडपत्री, पेट्यांच्या घोड्या धरून साडेबारा. सगळ्यात जास्त पैसा इंजिनावर गेला, पण गाडी वाचली ती त्या ४६ हजारांमुळे. आज परत करायची वेळ आली तर रंगातले दहा हजार काढून तेही चासीत घालीन.

गंजाचं काम आम्ही घाईने केलं नाही, त्याचा फायदा आजही दिसतो. हौदा उतरवला आणि तीन आठवडे चासी उघडी ठेवली. ऑक्टोबरचं ऊन होतंच. दर दोन दिवसांनी विहिरीच्या पंपाने गोड्या पाण्याने धुवायची, वाळू द्यायची, वायर ब्रशने घासायची, परत धुवायची. खाऱ्या पाण्यातलं मीठ गंजाच्या बारीक खळग्यांत बसलेलं असतं. ते तसंच ठेवून वर कितीही भारी प्रायमर मारा, आतून फुगणारच. चासीच्या बंद भागांना कंपनीने पाणी निघून जायला भोकं ठेवलेली असतात, ती चिखलाने लिंपून गेली होती. एका भोकातून चहाच्या कपभर काळी माती निघाली, तिला मासळीचा वास येत होता. माझ्या मते गाडी सडायचं खरं कारण ते भोक बुजणं होतं. पाणी येणारच, कोकणात ते कोण थांबवणार? आलेलं पाणी बाहेर पडलं पाहिजे.

सडलेला भाग कापून तिथं नवी प्लेट बसवली. इथं चाचांचा आग्रह होता की पट्टी चौकोनी कापून सरळ डकवायची नाही, दोन्ही टोकांना माशासारखी निमुळती करायची. सरळ उभ्या वेल्डिंगच्या रेघेवर सगळा ताण एकवटतो आणि भरल्या गाडीत चासी नेमकी त्याच रेघेत तडकते. वेल्डिंगआधी बॅटरीच्या वायरी काढून ठेवल्या. केबिनच्या फ्लोअरला १८ गेजचा पत्रा आणि सीओटू वेल्डिंग. साध्या रॉडने पातळ पत्र्याला भोकं पडतात.

रस्ट कन्व्हर्टर नावाचं जे औषध मिळतं, त्याबद्दल बरेच जण विचारतात. माझा अनुभव असा की ते चांगलं आहे, पण कुठं वापरायचं ते कळलं पाहिजे. पापुद्रे सुटलेल्या गंजावर मारलं तर पापुद्र्यासकट निघून येतं. घासून चकचकीत केलेल्या लोखंडावर त्याला धरायला काही नसतं. मी चासीच्या एका आडव्या पट्टीवर (क्रॉस मेंबर) ते केलं आणि सहा महिन्यांत सालं निघाली. घट्ट चिकटून राहिलेल्या, हाताला लागत नाही अशा तपकिरी गंजावर मात्र ते काम करतं. लावल्यावर तासाभरात पृष्ठभाग काळा-निळा पडतो. आजोबा हिरडा आणि लोखंडाचं पाणी घालून शाई करायचे, तोच हा प्रकार. टॅनिन आणि लोह एकत्र आलं की काळा, न विरघळणारा थर तयार होतो. बहुतेक कन्व्हर्टरमध्ये टॅनिक नाहीतर फॉस्फोरिक आम्ल असतं. त्यावर इपॉक्सी प्रायमर, मग काळा रंग. नुसत्या रेड ऑक्साइडवर भरवसा ठेवू नका, त्याच्यातून पाणी झिरपतं.

आमच्याकडे मिरगाच्या आधी गाडीखाली काळं तेल मारायची पद्धत आहे. इंजिनातून काढलेलं ऑइल थोडं डिझेल घालून फवारायचं. स्वस्त आहे, लोखंडाला धरूनही राहतं. मी पहिल्या वर्षी मारलं आणि पाट्यांचे रबरी बुश फुगून मऊ पडले. शिवाय ते धुऊन जातं ते बागेच्या मातीत. दुसऱ्या वर्षी बंद भागांत आतून मेणाचा फवारा आणि खाली डांबरी कोटिंग केलं, दोन्ही मिळून ३८०० रुपये. या पावसाळ्यानंतर चासी परत हातोडीने ठोकून पाहिली. सगळीकडे टण.

इंजिनाबद्दल फार लिहीत नाही. काळा धूर होता आणि चढावर दम नव्हता. हेड उघडलं, रिंगा बदलल्या, व्हॉल्व्ह बसवून घेतले, नोझल आणि पंप कोल्हापूरला उद्यमनगरातून सेट करून आणला. आज भरली गाडी आंबा घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर चढते, कुरकुर नाही. ॲव्हरेज सपाटीला १२, घाटात भरून ९ ते १०. आवाज मोठा आहे आणि केबिन तापते. मे महिन्यात दुपारी दोन वाजता तिच्यात बसणं म्हणजे भट्टीत बसणं, त्यावर मला अजून उपाय सापडलेला नाही.

ब्रेकमध्ये मी काटकसर केली आणि त्याची मला आजही चुटपुट आहे. चाकांचे सिलिंडर निम्म्या किमतीचे मिळाले म्हणून घेतले. पाचव्या महिन्यात घाट उतरताना पेडल नेहमीपेक्षा खाली गेलं. सोबत धाकटा भाऊ होता, मागे चिऱ्यांचा भार होता. गिअरवर गाडी आवरत कडेला घेतली. डाव्या मागच्या चाकाच्या आतून ऑइल गळून ड्रमवर आलं होतं. दुसऱ्या दिवशी सगळे सिलिंडर कंपनीचे घातले. वाचवलेले पैसे होते ११००. बाकी कुठंही हात आखडता घ्या, ब्रेकमध्ये घेऊ नका.

आता हौस. गाडी आपली वाटावी असं मलाही वाटत होतं, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मुळे मनाला येईल तसा बदल करता येत नाही. रंग बदलला तर आरसीवर नोंद करून घ्यावी लागते, म्हणून पांढराच ठेवला आणि फाळक्यावर फक्त गणपतीपुळ्याचा मोरया रंगवून घेतला. पुढे जुन्या मालकाने लावलेला जाड बुल बार (बंपरपुढचा लोखंडी दांडा) होता, तो काढून टाकला. केंद्राने २०१७च्या डिसेंबरमध्येच त्याविरुद्ध राज्यांना पत्र पाठवलं आहे, आणि त्याच्या मागेही भरपूर गंज निघाला. मागे-बाजूला रिफ्लेक्टर टेप आणि हौद्यात एक एलईडी पट्टी बसवली. रात्री पेट्या उतरवताना ती फार उपयोगी पडते. पट्टीला वेगळा फ्यूज लावायचा राहिला होता, एका वायरीचं आवरण वितळलं, तेव्हा लावला.

सगळ्यात जमलेली गोष्ट म्हणजे हौद्यातली लाकडी जाळी. खाली नवी चेकर प्लेट टाकली होती, पण पेटी थेट लोखंडावर ठेवली की दुपारी तळचा आंबा भाजतो आणि पाणी साचलं की पेटीचा तळ भिजतो. गावच्या सुताराकडून किंजळीच्या पट्ट्या करून घेतल्या, दोन बोटं उंच, मधे फट. त्यावर पेट्या ठेवल्या की खालून हवा खेळते. पहिल्या हंगामात आंबा नेहमीपेक्षा कमी डागाळला. फक्त एक चूक झाली. जाळी बोल्टने पक्की केली होती. पावसाळ्यात तिच्याखाली ओल धरून राहिली आणि गणपतीत उचलली तेव्हा प्लेटवर पट्ट्यांच्या मापाचे गंजाचे काळे पट्टे उठले होते. ऐन, किंजळ, हिरडा ही एकाच कुळातली झाडं, लोखंडाशी त्यांचं तेच शाईचं नातं. आता जाळी चार तुकड्यांत केली आहे, बोल्ट नाहीत, मे संपला की काढून माळ्यावर. २०२५ला पाऊस मे महिन्यातच आला, झाडावर आंबा असताना. त्या धावपळीत जाळी उचलून ठेवायला दोन माणसांना दहा मिनिटं लागली.

जे टिकलं नाही ते दरवाजे. बाहेरून करून घेतलेल्या रंगकामात दरवाजाच्या खालच्या कडेची भोकं लांबीने (पुट्टीने) बुजली. काचेच्या फटीतून आत गेलेलं पाणी तिथंच राहिलं. पहिल्याच पावसाळ्यानंतर डाव्या दरवाजाला मुगाएवढे फोड आले, आज ते सुपारीएवढे आहेत. भोकं मी नंतर मोकळी केली, पण आतून सुरू झालेला गंज थांबला नाही. रंगकामाला गाडी देणार असाल तर आधी प्रत्येक भोकात आगपेटीची काडी खोचून द्या आणि गाडी परत घेताना काड्या मोजा.

घ्यावी का, असं कोणी विचारलं तर मी एकच गोष्ट विचारतो: तुमच्याकडे चाचांसारखा माणूस आहे का आणि गाडी तीन-चार महिने उभी ठेवता येईल का? दोन्ही असेल तर घ्या. उद्या सकाळी गाडी लागणार असेल तर या वाटेला जाऊ नका, भाड्याचीच परवडेल. मला एकूण २ लाख ९३ हजारांत गाडी पडली, आणि दोन हंगामांत भाड्याचे जेवढे वाचले त्यावरून आणखी दोन हंगामांत ती फिटेल.

दिवाळी झाली की दरवाजांच्या खालच्या कडा चार बोटं कापून नवा पत्रा लावणार आहे, या वेळी घरीच. तोवर ड्रायव्हरच्या दारात छत्रीची एक मोडकी काडी ठेवली आहे. पाऊस पडून गेला की आधी ती दरवाजाच्या भोकांतून फिरवतो, पाणी ठिबकताना दिसलं की मग चावी लावतो.