फान्दीची वाट की फाईकची? मुलाला युरोपच्या अकादमीत पाठवण्याआधी

मुलगा चौदा-पंधराचा, पायात खरोखर खेळ, आणि कुणीतरी एजंट युरोपातल्या अकादमीचं नाव घेऊन दारात उभा. सिंगापूरमध्ये स्थायिक झालेल्या मराठी आई-वडिलांपुढे हा पेच आला, तर उत्तर शोधायला लांब जायला नको. आग्नेय आशियातल्या दोन चिमुकल्या देशांतल्या दोन खेळाडूंची कारकीर्द शेजारी-शेजारी ठेवली की पुरे: सिंगापूरचा फान्दी अहमद आणि ब्रुनेईचा फाईक बोल्किया. एकाने आधी मोठ्यांच्या सामन्यांत घाम गाळला आणि मग युरोप गाठलं. दुसऱ्याचं फुटबॉल इंग्लंडमधल्या नामांकित अकादम्यांतच घडलं.

फान्दीचा जन्म १९६२चा. वडील अहमद वारताम राष्ट्रीय संघाचे गोलरक्षक, म्हणजे घरातच खेळ. विशीच्या आत तो सिंगापूरच्या मुख्य संघात होता आणि १९८०च्या मलेशिया चषकाच्या (तेव्हा सिंगापूरचा संघही या स्पर्धेत खेळायचा) अंतिम सामन्यात मलेशियाच्या सेलांगोर संघाविरुद्ध विजयी गोल त्याचाच होता. १९८२ मध्ये तो नेदरलँड्सच्या नामांकित आयाक्स क्लबकडे सरावाला गेला आणि त्यांनी त्याच्यापुढे तीन वर्षांचा करार ठेवला. त्याने तो नाकारला आणि इंडोनेशियात सुराबायाच्या नियाक मित्रा संघाशी करार केला!

आज हे वाचून कुणीही डोक्याला हात लावेल. पण त्या वेळची आयाक्सची आघाडीची फळी आठवून पाहा. विम कीफ्ट नुकताच मोसमात ३२ गोल करून बसलेला, योहान क्रायफ परत आलेला, आणि सतरा वर्षांचा मार्को फान बास्टन दार ठोठावत होता. तिथे फान्दीला बाकावर तरी जागा मिळाली असती का, मला शंका आहे. सुराबायात मात्र तो दर आठवड्याला खेळला, साखळीचं विजेतेपद घेतलं, आणि १९८३च्या जूनमध्ये दौऱ्यावर आलेल्या इंग्लंडच्या आर्सेनलला नियाक मित्राने २-० हरवलं तेव्हा त्यातला एक गोल त्याचा होता.

इंडोनेशियाने परदेशी खेळाडूंना बंदी घातली आणि त्याला तिथून निघावं लागलं. मग तो नेदरलँड्सच्या ग्रोनिंगेन क्लबला गेला, पण आता एकवीस वर्षांचा, तयार आक्रमक म्हणून. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युरोपीय क्लबांच्या युएफा चषकात ग्रोनिंगेनने इटलीच्या इंटर मिलानला घरच्या मैदानावर २-० हरवलं आणि त्यातही फान्दीचा गोल होता. परतीच्या सामन्यात इंटरने ५-१ असा हिशेब चुकता केला, हेही खरंच. दोन मोसम, ३६ सामने, ११ गोल. दुखापतींनी दुसऱ्या मोसमाचा विचका केला आणि युरोपचा मुख्य अध्याय तिथेच संपला. पण कारकीर्द संपली नाही. क्वालालंपूरकडून १९८७ ते १९८९ सलग तीन मलेशिया चषक, १९९२ मध्ये मलेशियाच्याच पहांगकडून साखळी आणि चषक दोन्ही, १९९४ मध्ये सिंगापूरचा कर्णधार म्हणून तेच दुहेरी यश. देशासाठी १०१ सामने, ५५ गोल.

आता फाईक. जन्म १९९८, लॉस एंजेलिस. ब्रुनेईच्या सुलतानांचा पुतण्या, त्यामुळे जगभरचे मथळे त्याच्या पैशाबद्दलच असतात. पण शाळकरी वयातल्या क्लबांची नावं बघा: साउदम्प्टन, आर्सेनल, चेल्सी, लेस्टर. २०१३ मध्ये आर्सेनलच्या पोरांबरोबर सिंगापूरच्या लायन सिटी चषकात खेळून त्याने गोलही केला. लेस्टरने त्याला करार दिला तो २०१६ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी ते प्रीमिअर लीगचे, इंग्लंडच्या अव्वल साखळीचे विजेते झाले. एवढं सगळं असूनही लेस्टरच्या मुख्य संघाकडून एकही अधिकृत सामना त्याच्या वाट्याला आला नाही. २०२० मध्ये पोर्तुगालचा मारितिमू, तिथेही मुख्य संघात संधी नाही. क्लबच्या मोठ्यांच्या फुटबॉलमध्ये तो नियमित दिसू लागला तो थायलंडच्या चोनबुरीत, तेविशी ओलांडता ओलांडता. ब्रुनेईसाठी मात्र तो २०१६ पासून खेळतोय आणि कर्णधारही झाला.

फाईक वाईट खेळाडू आहे असं मुळीच नाही. त्याला पैशाची चिंता नव्हती, प्रशिक्षकांची वानवा नव्हती, लहानपणापासून इंग्लंडमध्ये असल्यामुळे भाषेचा नि परवान्याचा अडसर नव्हता. इतकं अनुकूल असूनही जी गोष्ट कमी पडली ती म्हणजे निकालाला किंमत असलेल्या सामन्यांतली मिनिटं. तुमच्या मुलाला यातल्या निम्म्याही सोयी नसणार.

शिवाय फाईकची वाट आज बाहेरच्यांना जवळजवळ बंदच आहे. फिफाच्या नियमानुसार अठरा वर्षांखालच्या मुलाची दुसऱ्या देशातल्या क्लबात नोंदणी होत नाही. मुख्य अपवाद म्हणजे आई-वडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने तिकडे राहायला गेले तर. सोळा ते अठराची सवलत युरोपीय संघाच्या आतल्या बदल्यांना आहे आणि ब्रेक्झिटनंतर इंग्लंड त्यातूनही बाहेर पडलं. अठरानंतर इंग्लंडचा परवाना गुणांवर ठरतो. त्यात राष्ट्रीय संघाच्या सामन्यांचे भरपूर गुण मिळायला देश फिफाच्या क्रमवारीत पहिल्या पन्नासात लागतो. सिंगापूर त्याच्या आसपासही नाही. मग एजंट ‘अकादमी’ म्हणतो ती बहुतेकदा फी घेऊन चालणारी निवासी शाळा असते. हे त्याच्याच तोंडून वदवून घ्या.

सिंगापूरकरांसाठी दुसरा अडसर सक्तीच्या लष्करी सेवेचा. दुसऱ्या पिढीच्या पीआर (कायम रहिवासी) मुलांनाही ती दोन वर्षं चुकत नाहीत. तेराव्या वर्षानंतर दीर्घकाळ बाहेर राहायचं तर एक्झिट परमिट लागतं, आणि काही वेळा किमान ७५,००० सिंगापूर डॉलरची हमीही द्यावी लागते. २०१८ मध्ये लंडनच्या फुलम क्लबने सिंगापूरच्या तरुण बेन डेव्हिसला व्यावसायिक करार दिला, पण संरक्षण मंत्रालयाने सेवा पुढे ढकलायला नकार दिला. तो हजर झाला नाही आणि पुढे थायलंडच्या युवा संघाकडून खेळला. जलतरणपटू जोसेफ स्कूलिंगला मुदत मिळाली होती. फुटबॉलपटूने त्या भरवशावर राहू नये.

फान्दीच्या वाटेतही खड्डे आहेतच. त्याच्या काळी मलेशिया चषक म्हणजे भरलेली मैदानं आणि कडवी झुंज. आजच्या सिंगापूर प्रीमिअर लीगमध्ये मोजकेच क्लब आहेत नि दर्जाही तेवढा धारदार नाही. गंमत म्हणजे फान्दीने स्वतः इरफान आणि इख्सान या मुलांना कोवळ्या वयात चिलीला पाठवलं होतं. पण दोघंही मायदेशी परतले आणि मोठ्यांच्या सामन्यांतून पुढे सरकले. इख्सान नॉर्वेच्या राउफोसला गेला, मग दोघं थायलंडच्या बीजी पथुममध्ये. त्यांचा धाकटा भाऊ इल्हान बेल्जियमच्या दुसऱ्या श्रेणीतल्या डाइन्झेला गेला आणि २०२४च्या डिसेंबरमध्ये तो क्लबच दिवाळखोरीत निघाला. युरोपचा शिक्का म्हणजे सुरक्षितता नव्हे, एवढं यातून कळतं.

माझा कौल फान्दीच्या बाजूने आहे: आधी घराजवळ मोठ्यांच्या संघात जागा, लष्करी सेवा उरकणं, मग थायलंड किंवा मलेशिया, जिथे आसियान देशांच्या खेळाडूंसाठी संघात वेगळ्या जागा ठेवलेल्या असतात, आणि जमलं तर विशीनंतर युरोपची छोटी साखळी. तुमचीच नोकरी इंग्लंडला हलत असेल तर गोष्ट वेगळी. मग अकादमी जरूर बघा. तरी तिथल्या माणसाला एक प्रश्न विचाराच, की गेल्या पाच वर्षांत तुमच्याकडून बाहेर पडलेली मुलं आज कुठल्या संघाच्या पहिल्या अकरात आहेत. तो सरावाच्या मैदानांचे फोटो दाखवायला लागला, तर पैसे भरू नका.