ब्लू-रे प्लेअर: पिक्चर झकास, पण आधी पेनड्राइव्ह शोधा (तीन स्टार)

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दुसऱ्या कंपनीचा घेतला असता तरी थोड्याफार फरकाने हेच झालं असतं असं आता माझं मत झालंय. मॉडेल साधं आहे, ४के नाही, वायफाय नाही, मागे लॅन आणि एचडीएमआय, पुढे एक यूएसबी, बस. पुण्यात तापकीर गल्लीतून घेतला, नऊ हजार सांगितले, साडेसातला दिला. एवढ्या पटकन दिला तेव्हाच कळायला पाहिजे होतं की माल बरीच वर्षं पडून आहे, पण स्वस्तात मिळालं की आपलं डोकं चालत नाही.

आधी चांगलं सांगतो. चित्र खरंच भारी. ओटीटीवर रात्रीचा सीन आला की काळ्या भागात चौकोन चौकोन दिसतात ना, ते इथे अजिबात नाही. ब्लू-रेच्या एका लेयरमध्ये २५ जीबी मावतं, दोन लेयरची असेल तर ५०, डीव्हीडीत दोन लेयर धरून साडेआठच, त्यामुळे पिक्चर पिळून पिळून बसवायची गरजच नसते. आवाजाचं तर विचारूच नका, बाबांनी दोनदा येऊन टीव्ही हळू करायला सांगितलं.

आता रडगाणं. दादा न्यू जर्सीहून आला तेव्हा बॅगेत तीन डिस्क घेऊन आला होता. पहिली जुनी होती, लगेच लागली. दुसरी नवीकोरी, प्लास्टिक मीच फाडलं, ट्रेमध्ये टाकली तर लोडिंगचं चक्र फिरतंय फिरतंय, मग कंपनीचा लोगो, मग काळा पडदा. चहा पिऊन आलो तरी काळा पडदा. बाहेर काढायचं बटण दाबलं तर तेही ऐकेना, शेवटी प्लगच काढला. तिसरीने निदान तोंडावर सांगितलं की तुमच्या रीजनची, म्हणजे जगाच्या तुमच्या भागासाठीची, नाही.

दुकानात फोन केला तर तो म्हणे, "लेन्सवर धूळ असेल साहेब, क्लीनर डिस्क घेऊन जा." घेतली, अडीचशे रुपये गेले, फरक शून्य. कस्टमर केअरला फोन केला तर पहिला प्रश्न, "सर, डिस्क ओरिजिनल आहे का?" अहो, बिल दाखवू का दादाचं? त्या मुलाने चाळीस मिनिटांत एकदाही फर्मवेअर हा शब्द काढला नाही. आणि खरं कारण तेच होतं, प्लेअरच्या आतला जुना प्रोग्रॅम.

झालं असं की मी रात्री बसून वाचलं, तेव्हा कळलं की ब्लू-रेच्या डिस्कवर नुसतं पिक्चर नसतं. बऱ्याच डिस्कचा मेनू म्हणजे जावा नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅमच असतो, त्यावर कॉपी करता येऊ नये म्हणून एएसीएस नावाचं कुलूप, काहींवर बीडी प्लस नावाचं आणखी एक. म्हणजे प्लेअर हा एक छोटा कॉम्प्युटरच झाला, आणि डिस्क नवी, प्लेअरमधला प्रोग्रॅम जुना असं झालं की तो गांगरतो. हे आजचं नाही, २०१० च्या एप्रिलमध्ये अवतारची ब्लू-रे आली तेव्हा वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्लेअरवर ती अडकली होती आणि लोकांना आधी अपडेट टाकून मग पिक्चर बघावा लागला होता. म्हणजे पैसे मोजून ओरिजिनल घेणाऱ्यालाच त्रास. माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे, आणि बॉक्सवर याबद्दल एक ओळ नाही.

एक गोष्ट कामाची आहे म्हणून सांगतो, क्लीनरचे अडीचशे वाचतील. सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे यांचे लेझर वेगळे असतात, ब्लू-रेचा ४०५ नॅनोमीटरचा जांभळट निळा, डीव्हीडीचा ६५० चा लाल. त्यामुळे डीव्हीडी लागतायत पण एकही ब्लू-रे लागत नाही असं असेल तर निळा लेझर गेला असण्याची शक्यता जास्त. काहीच लागत नसेल तर मग धूळबिळ बघा. आणि जुन्या ब्लू-रे मस्त लागतायत, फक्त नवीनच अडकतेय, तर दुकानदार काहीही म्हणो, आधी अपडेट टाका.

तर अपडेट. इंटरनेटची लॅन वायर बाबांच्या खोलीपर्यंत पोचत नाही, म्हणून पेनड्राइव्हचा रस्ता धरला. कंपनीच्या साइटवर आपल्या मॉडेलचं पान सापडायलाच अर्धा तास, नंबरच्या शेवटी एखादं अक्षर वेगळं असलं की वेगळी फाइल. माझा ६४ जीबीचा पेनड्राइव्ह लावला तर प्लेअरला दिसेचना, कारण त्याला फॅट३२ फॉरमॅटचा लागतो आणि माझा एक्सफॅट होता. मग घरभर शोधून ताईच्या लग्नाचे फोटो असलेला ८ जीबीचा सापडला, तो फॉरमॅट केला (फोटो आधी कॉपी केले, शिव्या नकोत). तरी "अपडेट फाइल सापडली नाही"! डोकं धरून बसलो. मग लक्षात आलं की मी घाईत फाइल दोनदा डाउनलोड केली होती, त्यामुळे कॉम्प्युटरने नावाच्या शेवटी कंसात १ लावला होता. तो कंस काढला आणि लगेच सापडली. तीन तास त्या कंसापायी.

त्यात तो गुरुवार. आमच्याकडे गुरुवारी मेंटेनन्सच्या नावाखाली लाईट कधीही जाते, आणि अपडेट चालू असताना बंद करू नका असं स्क्रीनवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, मधेच बंद पडला तर प्लेअरचा दगड होऊ शकतो. ४७ टक्क्यांवर येऊन आकडा थांबला, हलेना. मी समोर बसून बघतोय, बाबा म्हणाले, "गॅसवर दूध ठेवल्यासारखा काय बसलायस?" पाच-सहा मिनिटांनी एकदम ८० झाला, मग आपोआप बंद होऊन चालू झाला. तीच डिस्क टाकली, लागली! मेनूसकट. खोटं कशाला बोलू, आनंद झाला.

रीजनवाली मात्र नाहीच लागली, अपडेटने तो प्रश्न सुटत नाही. अमेरिका ए, आपण सी, युरोपवाले बी. कव्हरच्या मागे षटकोनात अक्षर असतं, परदेशातून कोणी आणणार असेल तर त्यांना आधी तेवढा फोटो पाठवायला सांगा. तिकडच्या बऱ्याच डिस्क सगळीकडे चालतात पण सगळ्या नाही. ४केच्या डिस्कला रीजन नसतो, पण त्या या प्लेअरमध्ये चालतच नाहीत. आणि आणखी एक, पेनड्राइव्हवरचे इकडून तिकडून आणलेले पिक्चर बघायचे असतील तर २०१२ नंतरच्या प्लेअरमध्ये सिनाविया नावाची नक्कल पकडणारी सोय असते, पिक्चरच्या आवाजात तिची छुपी खूण असली तर वीसेक मिनिटांनी आवाजच बंद होतो. आमच्या शेजारच्या काकांना वाटलं स्पीकर गेले, ते दुरुस्तीला देऊन आले होते.

माझ्या मॉडेलची शेवटची अपडेट येऊन बरीच वर्षं झाली, तारीख पानावरच आहे. म्हणजे पुढच्या वर्षीची एखादी डिस्क परत अडकली तर आता कोणी वाली नाही. म्हणून घ्यायच्या आधी दुकानात उभं राहूनच मोबाइलवर मॉडेलचं पान उघडा, शेवटची तारीख बघा, आणि मग भाव करा. त्या तारखेवरून माझे आणखी हजार तरी सुटले असते.

एक स्टार पानावरच्या त्या जुन्या तारखेचा कापला. दुसरा बाबांनी कापायला लावला. त्यांच्याकडे नाटकांच्या व्हीसीडी आहेत, मोझर बेअरच्या काळात २८ रुपयाला मिळायच्या तेव्हाच्या, आणि हा प्लेअर व्हीसीडी घेतच नाही, बऱ्याच ब्लू-रे प्लेअरचं असं असतं म्हणे. त्यामुळे टीव्हीखाली आता दोन मजले झालेत, खाली हा आणि वर बाबांचा दोन हजारवाला जुना डीव्हीडी प्लेअर, ज्याचा ट्रे वरून एक चापट मारल्याशिवाय उघडत नाही. त्याला आजपर्यंत एकदाही अपडेट लागलेली नाही हे बाबा रोज ऐकवतात.