प्रॉडक्शन अँड ऑपरेशन्स मॅनेजमेंट: नऊ महिने अभ्यासल्यानंतर

हा विषय घ्यावा का, असं गेल्या दोन महिन्यांत चार-पाच ज्युनियर्सनी विचारलं. दर वेळी जिन्यात उभ्या-उभ्या काहीतरी उत्तर दिलं आणि मागाहून वाटलं की सांगायचं ते राहूनच गेलं. आता दोन्ही सेमिस्टर संपली आहेत, दोन्ही पेपर झालेत, प्रोजेक्टही जमा केलाय. म्हणून सविस्तर लिहिते.

पहिले तीन आठवडे मला पश्चात्तापच होत होता. उत्पादन व्यवस्थेचे प्रकार, जॉब शॉप, बॅच, मास, कंटिन्युअस, प्रत्येकाची वैशिष्ट्यं, प्रत्येकाचे फायदे-तोटे. मग जागेची निवड, मग प्लांट लेआउट. पाठ करायचं आणि उतरवायचं. जागा निवडायच्या गणितात प्रत्येक घटकाला वजन द्यायचं असतं, आणि ते वजन कुठून आणायचं हे कुणी सांगत नाही. वजनं थोडी इकडची तिकडे केली की उत्तर दुसऱ्याच जागेचं येतं. हे मी वर्गात विचारलं तेव्हा ‘पेपरात वजनं दिलेली असतात’ असं उत्तर मिळालं. विषय सोडायचा विचार करत असाल तर याच टप्प्यावर कराल, म्हणून आधीच सांगते: थांबा. खरा विषय यापुढे सुरू होतो.

माझ्यासाठी तो ईओक्यूपासून (इकॉनॉमिक ऑर्डर क्वांटिटी, म्हणजे सगळ्यात कमी खर्चाची ऑर्डर) सुरू झाला. एका वेळी किती माल मागवायचा? थोडाथोडा मागवला तर ऑर्डरचा खर्च वाढतो, एकदम मागवला तर साठवणुकीचा. फोर्ड हॅरिस या इंजिनियरने 1913 मध्ये याचं वर्गमुळाचं सूत्र मांडलं. (त्याच वर्षी हेन्री फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्यात सरकती असेंब्ली लाइन सुरू झाली आणि चॅसिस जोडायला लागणारा वेळ साडेबारा तासांवरून पुढे 93 मिनिटांवर आला. दोन्ही ‘फोर्ड’ वेगळे, हे लक्षात ठेवा; तोंडी परीक्षेत गल्लत होते.) सूत्र सगळ्यांनाच येतं. पण एका संध्याकाळी मी सहज आकडे बदलून बघत बसले आणि लक्षात आलं की उत्तर चांगलं दीडपट चुकलं, तरी ऑर्डर आणि साठवणूक मिळून खर्च वाढतो तो फक्त 8 टक्क्यांच्या आसपास. दुप्पट चुकलं तरी 25 टक्के. म्हणजे तळाशी तो आलेख पसरट आहे. मागणीचा अंदाज थोडा चुकला, 187 ऐवजी सोयीचं म्हणून 200 मागवलं, तरी काही बिघडत नाही. मला हे सूत्रापेक्षा मोलाचं वाटलं. पेपरात मात्र यावर एकही प्रश्न आला नाही; 187 बरोबर काढलं की नाही एवढंच तपासलं गेलं.

या विषयाबद्दलची माझी मुख्य तक्रार हीच, आणि त्याच्यावर मी जीव लावण्याचं कारणही इथेच आहे. यातली सूत्रं हातात घेऊन हलवून बघावी लागतात. वहीतल्या गणितात आकडे तयार मिळतात, स्वच्छ मिळतात. स्वतः मोजायला गेलं की विषय वेगळाच दिसतो.

आमचा प्रोजेक्ट रांगेवर होता. ‘क्यूइंग थिअरी’ हे प्रकरण बहुतेक जण ऑप्शनला टाकतात, कारण ग्रीक अक्षरं बघूनच धडकी भरते. त्याचा पाया 1909 मध्ये एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने टेलिफोन एक्स्चेंजचा अभ्यास करताना घातला. आम्ही चौघांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयातलं पुस्तक देवघेवीचं काउंटर निवडलं. मोबाइलचं स्टॉपवॉच, एक वही, चार रकाने: रांगेत कधी आला, काउंटरवर कधी पोचला, कधी निघाला, काम काय होतं. शिवाय दर पाच मिनिटांनी रांगेतली डोकी मोजायची. पहिल्या दिवशीची नोंद टाकून द्यावी लागली, कारण रांग नेमकी कुठून सुरू होते यावरच आमच्यात एकमत नव्हतं. खांबाला टेकून मोबाइल बघणारा मुलगा रांगेत धरायचा की नाही? शेवटी ठरवलं, ज्याच्या हातात पुस्तक आणि ओळखपत्र दोन्ही आहे तो रांगेत.

दुसऱ्या दिवशी गर्दीच्या दोन तासांत 74 विद्यार्थी आले. काउंटरवरच्या ताई 120 मिनिटांपैकी 103 मिनिटं कामात होत्या, म्हणजे 86 टक्के. मुलांची सरासरी वाट बघणं 9 मिनिटांचं. इथे लिटलचा नियम तपासता आला: रांगेतली सरासरी माणसं म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ. दोन तासांत 74 जण, प्रत्येकी 9 मिनिटं, म्हणजे रांगेत सरासरी साडेपाच माणसं असायला हवीत. पाच-पाच मिनिटांनी मोजलेल्या डोक्यांची सरासरी काढली तर तीही पाच आणि सहाच्या मध्येच आली. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला नियम आमच्या चुरगळलेल्या वहीत तंतोतंत उतरलेला बघून आम्ही चौघंही काही क्षण नुसते बघत राहिलो.

पण खरी गोष्ट चौथ्या रकान्यात होती. 74 पैकी 64 जणांचं काम सरासरी 45 सेकंदांत झालं. उरलेल्या 10 जणांना प्रत्येकी साडेपाच मिनिटं लागली: कुणाचा बारकोड वाचला जात नव्हता, कुणाचा दंड होता, कुणाच्या खात्यावर परत केलेलं पुस्तक अजून दिसत होतं. हिशेब केला तर या दहा जणांनी 103 पैकी 55 मिनिटं खाल्ली होती. निम्म्याहून जास्त! आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या, 45 सेकंदांचं काम असलेल्या मुलांना दहा-दहा मिनिटं खोळंबावं लागत होतं.

आमची पहिली शिफारस होती, आणखी एक माणूस द्या. मॅडमनी अहवाल वाचून एकच प्रश्न विचारला, ‘आणि माणूस नसेल तर?’ त्या प्रश्नावर आम्ही आठवडाभर अडलो. मग किंगमन यांचं सूत्र (तेही 1961 चंच) पुन्हा उघडलं. त्यात रांगेतला वेळ तीन गोष्टींच्या गुणाकारातून येतो: काउंटर किती भरलेलं आहे, येण्यात आणि कामात चढउतार किती आहे, आणि एका कामाला सरासरी किती वेळ लागतो. यातला पहिला भाग सरळ रेषेत वाढत नाही. सगळं सर्वसाधारण चढउताराचं धरलं तर 80 टक्के भरलेल्या काउंटरवर कामाच्या वेळेच्या 4 पट थांबावं लागतं, 90 टक्क्यांवर 9 पट, 95 टक्क्यांवर 19 पट. शेवटच्या पाच टक्क्यांत थांबणं दुपटीहून जास्त होतं. ‘माणूस रिकामा बसलेला दिसला’ म्हणून त्याच्यावर आणखी काम टाकणाऱ्या प्रत्येकाने हे तीन आकडे एकदा बघावेत, असं मला मनापासून वाटतं.

आमचं उत्तर मधल्या भागात, म्हणजे कामातल्या चढउतारात होतं; तो कमी केला की भारही उतरणार होता. अवघड दहा कामं गर्दीच्या वेळेतून काढली, पुस्तक चिठ्ठी लावून बाजूला ठेवलं आणि विद्यार्थ्याला तीननंतर बोलावलं, तर त्याच ताई, तेच काउंटर, पण भार 86 वरून थेट 40 टक्क्यांवर. नवा माणूस नाही, नवं मशीन नाही. ग्रंथालयाने दोन आठवडे हे करून बघायचं कबूल केलं. आम्ही पुन्हा मोजलं. कागदावरच्या हिशेबाने थांबणं अर्ध्या मिनिटाच्या आत यायला हवं होतं. प्रत्यक्षात ते दोन मिनिटांच्या आसपास आलं, कारण लेक्चर सुटलं की मुलं एकगठ्ठा येतात आणि सूत्रात तसं धरलेलं नसतं. तरी नऊवरून दोन! त्या दिवशी ताईंनी आम्हाला बोलावून सांगितलं की आज कुणी आवाज चढवला नाही. आमच्या अहवालात या गोष्टीला रकाना नव्हता. मी शेवटच्या पानावर हाताने लिहिली.

दुसरा अनुभव बीअर गेमचा. हा खेळ एमआयटीमध्ये 1960 च्या दशकात घडला. चार जण एका साखळीत बसतात: किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, वितरक, कारखाना. एकमेकांशी बोलायचं नाही, फक्त ऑर्डरची चिठ्ठी पुढे सरकवायची, आणि माल पोचायला काही आठवडे लागतात. मी कारखाना होते. सुरुवातीला शांत होतं, मग चिठ्ठ्यांवर आकडे फुगायला लागले. 12, 20, 35. मी घाबरून उत्पादन वाढवलं, तो माल तयार होऊन निघेपर्यंत समोरून शून्याच्या चिठ्ठ्या यायला लागल्या. माझ्या टेबलावर ठोकळ्यांचा ढीग पडला होता आणि मी मनातल्या मनात ग्राहकांना बोल लावत होते. शेवटी मॅडमनी ग्राहकांच्या चिठ्ठ्यांची गड्डी उलटी करून दाखवली. पहिले चार आठवडे 4, आणि पाचव्यापासून अखेरपर्यंत 8. बस. मागणी फक्त एकदा वाढली होती. बाकीचं वादळ आम्ही चौघांनी मिळून उठवलं होतं, आणि प्रत्येक जण आपापल्या जागी शहाणपणानेच वागत होता. बुलव्हिप इफेक्टची (मागणीतला छोटा बदल साखळीत मागे जाताना फुगत जातो, त्याची) व्याख्या मी आधीच पाठ केली होती. पण तो समजला तो त्या टेबलाशी बसल्यावर.

सेफ्टी स्टॉकचं (अचानक मागणी वाढली तर हाताशी असावा म्हणून ठेवलेल्या जादा साठ्याचं) प्रकरणही असंच, कमी लेखू नका. मागणीतला चढउतार सारखाच राहिला तरी माल मिळायचा कालावधी चौपट झाला की सेफ्टी स्टॉक दुप्पट लागतो. आणि 95 टक्के खात्रीवरून 99 टक्क्यांवर जायचं तर तोच साठा साधारण 41 टक्क्यांनी वाढतो, कारण नॉर्मल टेबलमधून घ्यायचा गुणक 1.645 चा 2.33 होतो. ‘ग्राहकाला कधीच नाही म्हणायचं नाही’ या वाक्याची किंमत अशी थेट कागदावर मांडता येते.

क्वालिटी कंट्रोलमध्ये एक गोष्ट नीट घोटून घ्या. शूहार्टने 1924 मध्ये काढलेल्या कंट्रोल चार्टवरच्या (प्रक्रिया स्थिर आहे का ते दाखवणाऱ्या आलेखावरच्या) मर्यादा प्रक्रियेच्या स्वतःच्या चढउतारावरून येतात. स्पेसिफिकेशनच्या मर्यादा ग्राहक ठरवतो. प्रक्रिया पूर्ण नियंत्रणात असूनही माल नापास होऊ शकतो. आमच्या वर्गातल्या अर्ध्या मुलांची या एका गोंधळामुळे दहा मार्कांची केस गेली.

बाकीचं पटकन सांगते. सीपीएम आणि पर्ट (प्रकल्पातल्या कामांचं वेळापत्रक आखायच्या पद्धती) सोपे आहेत, मार्क देऊन जातात. फक्त फ्लोट (प्रकल्प न लांबवता एखादं काम किती पुढे ढकलता येतं ते) काढताना घाई करू नका. दोन मशीनवरच्या कामांचा क्रम लावायचा जॉन्सनचा नियम (1954) दहा मिनिटांत येतो आणि फार सुंदर आहे. एमआरपी (तयार मालाच्या वेळापत्रकावरून सुटे भाग कधी आणि किती लागतील ते काढणं) कंटाळवाणं आहे, पण एक तक्ता तरी संपूर्ण हाताने करा, कारण वरच्या ओळीतली एका आठवड्याची चूक खाली प्रत्येक सुट्या भागापर्यंत कशी झिरपते ते सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही. फोरकास्टिंग मात्र आमच्याकडे अगदीच वाया गेलं: मूव्हिंग ॲव्हरेज काढायला लावलं, पण अंदाज किती चुकला हे मोजायला कुणी सांगितलं नाही. सॉल्व्हरचं (एक्सेलमधल्या, सर्वांत चांगलं उत्तर शोधून देणाऱ्या साधनाचं) लॅब सेमिस्टरच्या शेवटच्या दोन आठवड्यांत उरकलं. ते पहिल्या महिन्यात हवं होतं. आणि उदाहरणं जवळजवळ सगळी कारखान्यांची. दवाखाना, विमानतळ, कॉल सेंटर यांचा उल्लेख एका परिच्छेदात संपला, हे मला खरंच खटकलं.

गणिताची भीती वाटत असेल तर: वर्गमूळ, सरासरी, प्रमाण विचलन आणि नॉर्मल टेबल वाचता येणं, यावर ऐंशी टक्के भागतं. लिनियर प्रोग्रॅमिंगला (दिलेल्या मर्यादांत राहून सर्वांत चांगलं उत्तर काढायच्या गणिताला) थोडा वेळ द्यावा लागतो. ज्यांना फक्त थिअरी लिहून पास व्हायचंय त्यांनाही हा विषय पास करून देईल, पण मग त्यात नऊ महिने घालवण्यात अर्थ नाही, दुसरा घ्या. मला विचाराल तर मी पुन्हा हाच घेईन, आणि प्रोजेक्टला पहिल्या आठवड्यापासून सुरुवात करेन.

ग्रंथालयाने ती पद्धत आता कायम ठेवली आहे. परवा पुस्तक परत करायला गेले तेव्हा गर्दीच्या वेळीही माझं काम मिनिटभरात झालं. मग सहज साडेतीनला डोकावले तर चिठ्ठ्या लावलेल्या पुस्तकांच्या टेबलापुढे आठ मुलं उभी होती. सगळ्यांना ‘तीननंतर या’ सांगितलेलं, म्हणून सगळी तीनलाच आलेली. त्यांना वेगवेगळ्या वेळा द्यायला हव्यात असं दिसतंय, पण किती अंतराने ते मोजल्याशिवाय कळणार नाही. वहीची पंधरा-वीस पानं शिल्लक आहेत. सोमवारी तीनला तिथे उभी राहणार आहे.