लिब्रेऑफिस रायटर: माझी अहिराणी शब्दपुस्तिका आणि तिची पीडीएफ

माझ्या पहिलीच्या वर्गातली लेकरं घरी अहिराणी बोलतात. चित्रातला मुलगा दाखवला की ‘आंडोर’ म्हणतात, मुलगी दाखवली की ‘आंडेर’. ती चुकत नाहीत, त्यांचा शब्दही खरा आहे, हे त्यांना पुस्तकातच दिसावं म्हणून मी अहिराणी आणि प्रमाण मराठी शब्द शेजारीशेजारी मांडून 40 पानांची पुस्तिका केली. आमची शाळा अमळनेर तालुक्यात, जिल्हा परिषदेची.

पहिली आवृत्ती एका डीटीपीवाल्याकडून करून घेतली होती. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेली. छापून छान दिसली, पण पीडीएफमधला शब्द कॉपी केला की भलतीच इंग्रजी अक्षरं यायची. मूळ फाइल त्याच्याच कॉम्प्युटरवर होती. तो कॉम्प्युटर बिघडला आणि माझी पुस्तिका गेली. दोन शब्द दुरुस्त करायला सगळी पानं पुन्हा टाइप करावी लागली, तेव्हा ठरवलं की आता फाइल आपल्याच हातात राहील.

त्यासाठी लिब्रेऑफिस घेतलं. हा ऑफिसच्या कामांचा सॉफ्टवेअर-संच आहे, त्यातलं रायटर मजकूर टाइप करून पानं मांडायला. 2010 मध्ये तो ओपनऑफिस या तशाच संचापासून वेगळा झाला. द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था तो सांभाळते. घ्यायला पैसे लागत नाहीत, एकदा बसवलं की नेटही लागत नाही. माझ्या जुन्या लॅपटॉपवर, मे महिन्यातल्या लाइट जाण्या-येण्यात, महिनाभर काम केलं. दोनदा बॅटरी संपून लॅपटॉप बंद पडला. दोन्ही वेळा उघडल्यावर फाइल परत मिळवून देऊ का, असं त्यानंच विचारलं. एकदा शेवटचा अर्धा परिच्छेद गेला, तेवढाच.

पहिलीच्या शिक्षिकेला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे ‘ल’ आणि ‘श’. लेकरू जे छापलेलं बघतं तेच गिरवतं. महाराष्ट्र शासनाच्या 2009 च्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श सांगितला आहे, आणि माझ्या पानावर हिंदी वळणाची अक्षरं येत होती. फाँट बदलून बदलून थकले. मग कळलं की मजकुराची भाषा हिंदी राहून गेली होती. सेटिंगमध्ये ‘मराठी’ निवडली आणि नोटो सान्स देवनागरीतच दोन्ही अक्षरं आपली झाली. ‘करी ऱ्हायना’ मधला ऱ्ह पण नीट उमटला. हा फाँटही मुक्त परवान्याचा, म्हणजे कुणीही वापरावा, वाटावा असा आहे, त्यामुळे पीडीएफमध्ये तो सोबत गेला तरी अडचण नाही.

पीडीएफ करायला ‘एक्स्पोर्ट ॲज पीडीएफ’. तिथे घाई करू नका. ‘हायब्रिड पीडीएफ’ नावाची एक चौकट आहे, ती टिक केली की पीडीएफच्या पोटात मूळ ओडीएफ फाइलही, म्हणजे रायटरची बदलता येणारी फाइल, बसते. मोबाइलवर ती साधी पीडीएफ दिसते, लिब्रेऑफिसमध्ये उघडली की थेट रायटरचं पान, टाइप करायला तयार. माझं सगळं समाधान या एका चौकटीत आहे. परवाना देऊन ‘बदला, वापरा’ म्हणायचं आणि हातात मात्र बदलता न येणारी फाइल ठेवायची, त्याला काय अर्थ?

आपलं काम इतरांना वापरू देण्यासाठी क्रिएटिव्ह कॉमन्सचे तयार परवाने असतात, त्यातला बाय-एसए 4.0 मी घेतला. नाव द्या, बदल करा, पण बदललेलंही याच परवान्यानं वाटा. आमच्या केंद्रातल्या सरांनी विचारलं, “मॅडम, धंदा करायची बंदी का नाही घातली?” नाही घातली, कारण गावातला झेरॉक्सवाला पानामागे पैसे घेतो आणि त्यानं घाबरू नये असं मला वाटतं. परवाना दुसऱ्या पानावर आहेच, शिवाय प्रत्येक पानाच्या तळाशी, फूटरमध्ये, परवान्याची एक ओळ टाकली, कारण आमच्याकडे पुस्तक पूर्ण कोणी नेत नाही, पानं नेतात.

मात्र परवाना आपल्या मालकीच्या गोष्टीवरच देता येतो. शब्द तर सगळ्या खान्देशाचे, ते माझे नाहीत. माझी आहे ती मांडणी आणि टिपा. चित्रं वर्गातल्या मुलांनी काढलेली, म्हणून प्रत्येकाच्या आईवडिलांची लेखी संमती घेतली. भोकराचं एक सुंदर चित्र नेटवरून घेतलं होतं. त्याचा परवाना कुठेच सापडला नाही, म्हणून काढून टाकलं आणि एका मुलीकडून नवीन काढून घेतलं. तेच पान आता सगळ्यांना आवडतं.

तक्रार एकच, फाइलच्या आकाराची. चित्रांचे मोबाइलवर काढलेले फोटो तसेच टाकले होते. एक्स्पोर्ट करताना चित्रांचा दर्जा कमी करून जेपीईजी 80 टक्के आणि 150 डीपीआय ठेवला, तरी हायब्रिड फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायला जडच. कारण पोटातल्या मूळ फाइलमध्ये फोटो पूर्ण आकाराचे राहतात. आधी रायटरमध्येच फोटोवर राइट-क्लिक करून ‘कॉम्प्रेस’ करायचं आणि मग पीडीएफ. हे एक्स्पोर्टच्या खिडकीतच लिहिलेलं असतं तर माझे दोन दिवस वाचले असते.

शिरपूर तालुक्यातल्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळेतल्या एका गुरुजींना ही फाइल कोणीतरी पाठवली. त्यांच्या वर्गातली मुलं पावरी ही तिथली आदिवासी बोली बोलतात. त्यांनी रायटरमध्ये उघडून अहिराणीचा रकाना पुसला, पावरी शब्द भरले, चार चित्रं बदलली आणि मागच्या आठवड्यात मला पीडीएफ पाठवली. मुखपृष्ठावर त्यांच्या नावाखाली माझं नाव आहे, फूटरमध्ये तीच परवान्याची ओळ. ‘हायब्रिड’ची चौकट त्यांनीही टिक केलेली होती. मी लगेच उघडून पाहिली.