18 महिने, 21,000 किलोमीटर: चालवायला झकास, पण बोनेट उघडलं की वैताग

गाडी 4 मीटरच्या आतली एसयूव्ही. 1.0 लिटर, 3 सिलिंडर, टर्बो पेट्रोल, 6 गिअरची ऑटोमॅटिक. कंपनीचं नाव देत नाही, कारण अशाच मांडणीच्या गाड्या आज जवळपास प्रत्येक शोरूममध्ये उभ्या आहेत. वापर रोजचा: मनीषनगर ते हिंगणा एमआयडीसी, अधूनमधून समृद्धी महामार्ग, आणि नागपूरचे दोन पूर्ण उन्हाळे. इंजिनाला ताकद भरपूर, एसी मे महिन्यातही कमी पडत नाही, सस्पेन्शन घट्ट आणि खात्रीचं. त्याबद्दल तक्रार नाही. हा अनुभव घरच्या घरी होणाऱ्या देखभालीचा आहे: ऑइल, फिल्टर, बॅटरी, बल्ब, ब्रेक पॅड. त्या बाबतीत ही गाडी मालकाला जवळ येऊच देत नाही.

सुरुवात ऑइलपासून. कंपनीची मुदत 10,000 किलोमीटर किंवा 1 वर्ष. पण मॅन्युअलच्या मागच्या पानांवर ‘खडतर वापर’ असा वेगळा तक्ता असतो. धूळ, छोट्या फेऱ्या, सिग्नलवरचं रखडणं हे सगळं त्यात येतं, म्हणजे नागपूरची बहुतेक वाहनं त्यातच मोडतात. म्हणून मधला एक ऑइल बदल घरी करायचा. वॉरंटीत असताना कंपनीच्या ठरलेल्या सर्व्हिस चुकवू नयेत, आणि घरी वापरलेल्या ऑइल-फिल्टरची बिलं जपून ठेवावीत.

आता प्रत्यक्ष काम. खाली पूर्ण लांबीचं प्लास्टिकचं कव्हर आहे, 7 टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या खाचेचे स्क्रू (टी-30 मापाचे) आणि 4 प्लास्टिक पिना. ड्रेन बोल्टसाठी कव्हरला खिडकी ठेवली आहे, ते पाहून आधी बरं वाटतं. पण फिल्टरसाठी खिडकी नाही, त्यामुळे कव्हर उतरवावंच लागतं. स्क्रू ज्या पत्र्याच्या क्लिपमध्ये बसतात त्या सैल होऊन चिखलात पडतात, आणि पिना दुसऱ्या खेपेला तुटतात. पिना डझनभर आणि क्लिपा चार-पाच आधीच आणून ठेवा. कव्हर एका कोपऱ्यातून लोंबत राहिलं तर हायवेवर वाऱ्याने फाटून निघतं.

फिल्टर इंजिन ब्लॉकला आडवा लावलेला आहे आणि बरोबर त्याच्याखाली ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारा दांडा. पट्ट्याचा पाना तिथे फिरत नाही. फिल्टरच्या मापाचा कपासारखा पाना आणि 150 मिमीचं एक्स्टेंशन हवं. फिल्टर आडवा असल्याने सैल केला की आतलं ऑइल शाफ्टवर, सबफ्रेमवर आणि कव्हर नीट उतरवलं नसेल तर त्याच्या आतल्या फेल्टवर (नमद्यासारख्या अस्तरावर) सांडतं. ते फेल्ट ऑइल शोषून घेतं आणि मग दोन आठवडे जळका वास येत राहतो; एक्झॉस्टजवळ तेल भिजलेलं फेल्ट ठेवणं धोक्याचंही आहे. उपाय साधा आहे. स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलची तिपदरी घडी घालून पन्हळ करायची, फिल्टरखाली खोचायची, आणि दुसरं टोक भांड्यात सोडायचं. जुना फिल्टर निघाल्यावर त्याची रबरी रिंग ब्लॉकला चिकटून राहिली नाही ना, हे बोटाने चाचपून पाहा. एकावर एक दोन रिंगा बसल्या तर इंजिन सुरू होताच प्रेशरने ऑइल बाहेर फेकलं जातं. नव्या रिंगला ऑइलचं बोट लावायचं, रिंग टेकली की हाताने पाऊण फेरा. पान्याने आवळायचं नाही.

ड्रेन बोल्टचा वायसर दरवेळी नवा. ऑइल पॅन ॲल्युमिनियमचं आहे, टॉमी (लांब दांडा) लावून जोर केला तर आटे मरतात आणि खर्च थेट पॅनचा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका. स्टँड किंवा रॅम्प लागतोच, आणि गाडी समतल नसेल तर जुनं ऑइल पूर्ण उतरत नाही. सुमारे 4 लिटर बसतं. आधी साडेतीन ओता, इंजिन मिनिटभर चालवून बंद करा, दहा मिनिटांनी डिपस्टिक पाहून बाकीचं. काढलेलं ऑइल नालीत किंवा रिकाम्या प्लॉटवर टाकू नका. ते घातक कचऱ्यात मोडतं, बंद डब्यात भरून गॅरेजला द्या.

‘आपल्याकडे ऊन फार, जाड ऑइल टाका’ हा सल्ला नागपुरात सर्रास मिळतो. मॅन्युअलमध्ये 0डब्ल्यू-20 हा पातळ ऑइलचा ग्रेड लिहिला असेल आणि दुसरा ग्रेड दिलेला नसेल तर तेच टाकावं. त्यातला दुसरा आकडा 100 अंशांवरच्या घट्टपणाबद्दल असतो, आणि चालू इंजिनाचं तापमान थर्मोस्टॅट आणि कूलंट सांभाळतात.

बॅटरी हा या गाडीचा सगळ्यात चुकलेला भाग आहे, आणि नागपूरसाठी तोच सगळ्यात महत्त्वाचा. लेड-ॲसिड बॅटरीला थंडीपेक्षा उष्णता जास्त खाते: आतल्या प्लेटच्या जाळ्या लवकर गंजतात, पाणी उडतं. ढोबळ नियम असा की सरासरी तापमान 10 अंशांनी वाढलं की आयुष्य निम्म्याकडे जातं. जिथे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, तिथे बॅटरी बदलणं ठरलेलंच काम आहे. तरीही बॅटरी एअर फिल्टरच्या डब्याखाली अर्धी झाकलेली आहे. ती काढायला आधी इनटेक पाइपचा क्लँप, सेन्सरचं कनेक्टर, डब्याचे 10 मिमीचे दोन बोल्ट, आणि मग तळाशी क्लँपचा तो एक बोल्ट, ज्यापर्यंत 250 मिमीच्या एक्स्टेंशनशिवाय गोटी (सॉकेट पाना) पोहोचत नाही. तो बोल्ट सुटला की खाली पडतो आणि कव्हरमध्ये अडकतो. गोटीत थोडं ग्रीस लावलं तर चिकटून वर येतो.

वायर काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. मायनसच्या टर्मिनलवर छोटा सेन्सर आहे; त्यावर पेचकस घालून उचकू नका. घरी चार्जर लावायचा तर मायनसचा चिमटा बॅटरीच्या खुंटीवर नको, बॉडीच्या अर्थिंग बोल्टवर लावा. नाहीतर किती चार्ज आत गेला ते सेन्सरला कळत नाही. बदलताना स्टार्ट-स्टॉपसाठी (सिग्नलवर इंजिन आपोआप बंद-चालू होतं ती सोय) बनवलेली ईएफबी प्रकारची बॅटरीच घ्या, साधी बसते पण टिकत नाही. नंतर काचा एका झटक्यात वर जाणं बंद होतं: काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवायचं. स्टेअरिंगचा दिवा लागला तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला की बहुधा जातो. स्टार्ट-स्टॉप मात्र गाडी काही तास लॉक करून उभी राहीपर्यंत चालू न होण्याची शक्यता असते, तो बिघाड नाही.

या खटाटोपात एक गोष्ट लोक विसरतात. एअर फिल्टरचा डबा परत बसवताना इनटेक पाइप जरा तिरका राहिला, तर शिट्टीसारखा आवाज येतो आणि न गाळलेली हवा टर्बोत जाते. नागपुरात रस्त्यांचं काम कुठेतरी सुरूच असतं, ती बारीक सिमेंटची धूळ टर्बोच्या पात्यांना आणि सिलिंडरला घासते. बसवून झाल्यावर क्लँपभोवती बोट फिरवून पाहा. पुढच्या वेळी फिल्टरनंतरच्या बाजूला पांढरं कापड फिरवा. धूळ दिसली तर गळती आहे. डब्याच्या झाकणाचे स्क्रू प्लास्टिकमध्ये जातात, म्हणून आधी उलटे फिरवून जुन्या आट्यात ‘टक’ बसू द्या आणि मगच आवळा.

केबिन फिल्टर ग्लोव्ह बॉक्समागे असता तर पाच मिनिटांचं काम होतं. इथे तो ड्रायव्हरच्या बाजूला, ॲक्सिलरेटर पेडलच्या वर आहे. जमिनीवर झोपून, मान वळवून, फिल्टर दुमडूनच आत घालावा लागतो. कार्बनचा फिल्टर कडक असतो, दुमडला की घडीवर तडकतो आणि तिथून धूळ शिरते. साधा कागदी फिल्टर घ्या, दर सहा महिन्यांनी बदला, आणि हवेच्या दिशेचा बाण जुन्या फिल्टरवर पाहून मगच तो टाका. उन्हाळ्याआधी एकदा बदलला की एसीचा झोत लगेच सुधारतो.

हेडलाइटचा डावा बल्ब चाकावरच्या लायनरमधून (प्लास्टिकच्या अस्तरातून) हाती येतो. उजव्यासाठी वॉशर टाकीची नळी काढावी लागते. एच-7 बल्बच्या काचेला बोट लावू नका, तेलकट डागावर काच तापून फुटते. वायपरसाठी इग्निशन बंद केल्यावर लगेच दांडी खाली धरली की पाती उभ्या जागी येतात. हे माहीत नसेल तर बोनेटला ओरखडे पडतात.

मागचे डिस्क ब्रेक आणि इलेक्ट्रिक हँडब्रेक असलेल्या व्हेरिएंटमध्ये पॅड बदलायला कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ‘सर्व्हिस मोड’मध्ये न्यावा लागतो. पिस्टन जबरदस्तीने दाबला तर आतली मोटर-गिअरची जोडणी मोडते. स्वस्तातला ब्लूटूथ ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून मोबाइलवर माहिती दाखवणारं यंत्र) बिघाडाचे कोड वाचतो, पण हा मोड बहुतेक वेळा उघडू शकत नाही. मागे ड्रम आणि हाताने ओढायचा ब्रेक असलेलं व्हेरिएंट या बाबतीत कितीतरी सरळ आहे.

चांगलंही सांगायला हवं. स्पार्क प्लग समोरच आहेत: कॉइलचा एकेक 10 मिमी बोल्ट, आणि प्लग बाहेर. काढण्याआधी भोकातली धूळ हवेने उडवा, इंजिन पूर्ण थंड असू द्या. कूलंटची टाकी अर्धपारदर्शक आहे, पातळी लांबून दिसते. फक्त रंग पाहून कूलंट मिसळू नका, रंगाचं ठरलेलं मानक नाही. मॅन्युअलमधला प्रकार जुळवा.

गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही. ‘आयुष्यभराचं ऑइल’ असं सांगितलं जातं, पण इथल्या उन्हात आणि ट्रॅफिकमध्ये 60,000 किलोमीटरला बदलणं शहाणपणाचं. पातळी तपासायची पद्धत अशी: इंजिन चालू, गाडी समतल, ऑइल 35 ते 45 अंशांच्या दरम्यान असताना खालचा प्लग उघडायचा आणि बारीक धार पडते का पाहायचं. मे महिन्यात नागपुरात दुपारी उभ्या गाडीतलं ऑइल आधीच त्या मर्यादेला टेकलेलं असतं, आणि इंजिन सुरू केलं की दोन मिनिटांत पुढे जातं. गरम ऑइल फुगतं, जास्त वाहून जातं आणि पातळी कमी राहते. हे काम डिसेंबरात किंवा पहाटेच, ओबीडीवर तापमान पाहत करावं. आणि भरायचा प्लग आधी सुटतो याची खात्री केल्याशिवाय उतरवायचा प्लग उघडू नये.

हे असं का बांधतात, त्यालाही कारणं आहेत. 2006 च्या अर्थसंकल्पापासून 4 मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना करात सवलत मिळत आली. लांबी वाचवायची तर केबिन कमी करता येत नाही, म्हणून नाक आखडतं. त्याच जागेत टर्बो बसवायचा. 1 एप्रिल 2020 च्या बीएस-6 प्रदूषण नियमांसाठी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) लवकर तापावा म्हणून तो इंजिनाला चिकटून ठेवायचा. वरून पादचाऱ्याच्या डोक्याला मार कमी लागावा म्हणून बोनेटखाली मोकळी जागाही सोडायची. हे सगळं पटतं. पण केबिन फिल्टर पेडलवर ठेवणं किंवा कव्हरला दुसरी खिडकी न पाडणं याला यातलं एकही कारण लागू होत नाही. 796 सीसीच्या मारुती 800 मध्ये दोन-चार पाने आणि एक पेचकस यांवर नेहमीची बहुतेक कामं उरकायची. तेवढं आता शक्य नाही, पण बॅटरीपर्यंत हात जाणं शक्य आहे.

माहितीचा प्रश्न तर वेगळाच. 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने 14 कार कंपन्यांना सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेर खुली न ठेवल्याबद्दल दंड ठोठावला. डिसेंबर 2022 मध्ये केंद्राने ‘राइट टू रिपेअर’ (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. तरी या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बोल्टचे टॉर्क आकडे (कोणता किती जोराने आवळायचा) नाहीत.

घ्यायची असेल तर टेस्ट ड्राइव्हला जाताना टॉर्च न्या आणि बोनेट उघडून पाच गोष्टी पाहा: बॅटरीचे दोन्ही टर्मिनल आणि तळाचा बोल्ट दिसतो का, हेडलाइटच्या मागच्या झाकणात अख्खा हात जातो का, ऑइल फिल्टर वरून दिसतो का, एअर फिल्टरचं झाकण दुसरं काही न काढता उघडतं का, केबिन फिल्टर कुठे आहे. बुकिंगआधी कंपनीच्या साइटवरून मॅन्युअलची पीडीएफ उतरवून घ्या, आणि देखभालीच्या प्रकरणात ‘अधिकृत सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा’ हे वाक्य किती वेळा येतं ते मोजा.