रबरी की टणक? सरावाचं डमी पिस्तूल निवडताना

क्राव मगा या इस्रायली स्वसंरक्षण पद्धतीत पिस्तूल हिसकावण्याचा सराव करायचा तर तीन पर्याय समोर येतात: मऊ रबरी, पॉलियुरेथेनचं टणक निळं किंवा लाल डमी, आणि एअरसॉफ्ट. एअरसॉफ्ट आधीच बाजूला काढू. त्याची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, हलते हे खरं, पण त्यातून ६ मिमीचा छर्रा सुटतो. मग ते डमी कसलं? शिवाय जस्ताच्या मिश्रधातूची स्लाइड ओढाताणीत फार टिकत नाही.

रबरी पिस्तूल स्वस्त. वेगात चुकून तोंडावर बसलं तरी दात शाबूत राहतात, म्हणून नवशिक्यांच्या हातात द्यायला बरं. पण त्याची नळी वाकते, आणि माझ्या मते सगळा निकाल इथेच लागतो.

समोरून रोखलेलं पिस्तूल काढून घेताना नळी बाजूला ढकलायची, पकडून तिच्यावर शरीराचं वजन टाकायचं, दुसऱ्या हाताने प्रतिहल्ला करायचा आणि मग पिस्तूल पिळून त्याची मूठ समोरच्याच्या हातातून सोडवायची. शेवटची पायरी सगळी तरफेवर चालते: पुढचं टोक फिरलं की मूठ अंगठा आणि बोटांच्या फटीतून निसटते. रबरात टोक फिरतं, मूठ जागच्या जागी. शिकणारा मग ताकद लावतो, दोन्ही हातांनी खेचतो आणि तीच सवय अंगात मुरते. उलटही होतं. पकड चुकलेली असते, पण नळी वाकून बाजूला गेल्यामुळे बचाव जमला असं वाटतं. त्यात हे पिस्तूल उन्हात तापलेल्या डिकीत सामानाखाली राहिलं तर कायमचं वाकडं होऊ शकतं.

टणक डमीत ही फसवणूक नाही. कोन चुकला की ते हातातून सुटत नाही, बरोबर असला की फारशी ताकद लागत नाही. ‘ब्लूगन्स’ आणि एएसपी कंपनीची ‘रेड गन्स’ ही यातली ओळखीची नावं. रंगाचा फायदा मोठा: खोलीत काळं काही दिसलं की सराव थांबवायचा, एवढा साधा नियम पुरतो. खरं शस्त्र आणि काडतुसं त्या खोलीत नकोतच, आणि सुरुवातीला ही तपासणी दोघांनी वेगवेगळी करावी.

टणक डमीचा धोका आहे ट्रिगर गार्डचा, म्हणजे चापाभोवतीच्या कडीचा. पिळताना जोडीदाराची तर्जनी आत अडकली तर बोट मोडतं. बोट गार्डबाहेर सरळ ठेवायला सांगावंच, पण घाईत कोणी विसरणारच. त्यापेक्षा ती पोकळी बुजवा. आतली कड पॉलिश पेपरने खरवडा, एम-सीलचे दोन्ही भाग समान मळून भरा आणि दोन्ही बाजूंना थोडं बाहेर पसरवा. रिबिटासारखं अडकलं नाही तर पहिल्याच तासात ते निखळून पडेल, कारण या प्लास्टिकला ते नीट चिकटत नाही. रात्रभर सुकू द्या. साच्याची शिवण आणि पुढची माशी (नळीवरची नेम धरायची खूण) तळहात सोलतात, तीही घासून बोथट करा.

वजनाची तक्रार मात्र खरी. गोळ्या भरलेलं ग्लॉक १७ पिस्तूल सुमारे ९०० ग्रॅम भरतं, साधं डमी बरंच हलकं. वजनदार आवृत्ती मिळते, पण महाग पडते आणि लागतेही जोरात. शिवाय खऱ्या पिस्तुलाची स्लाइड घट्ट धरली तर एक गोळी सुटू शकते आणि पुढची बहुधा आपोआप चढत नाही. हे कुठलंच अखंड डमी दाखवत नाही, ते शिक्षकालाच सांगावं लागतं. काढून घेतलेलं पिस्तूल जोडीदाराला लगेच परत देण्याची खोडही त्यानेच मोडावी: मागे सरका, अंतर ठेवा, मग डमी जमिनीवर ठेवा.

लहान मुलांचा वर्ग असेल किंवा पूर्ण वेगातल्या झटापटीच फक्त करायच्या असतील, तर रबरी घ्यायला हरकत नाही. तंत्र बसवायचं असेल तर मी दोन जोडीदारांमागे एक टणक डमी घेईन, गार्ड बुजवलेलं, आणि रबरी एखादंच जवळ ठेवीन.